आठचं कुंपण, सोळाची भिंत

एचपीचा ‘प्रोलायंट मायक्रोसर्व्हर’ म्हणजे टेबलाखाली सहज मावणारा चौकोनी ठोकळा. दार उघडलं की चार हार्ड डिस्कचे कप्पे दिसतात. मागे एक मोठा पंखा आणि तळाशी सरकत्या ट्रेवर मदरबोर्ड. २०१० साली यातला एन३६एल आला, पाठोपाठ एन४०एल आणि एन५४एल, आणि २०१३ मध्ये अगदी नव्या रूपातला ‘जेन८’. लहान ऑफिसांसाठी बनवलेलं हे यंत्र घरी स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या हौशी मंडळींच्या हाती पडलं आणि तिथेच जास्त रमलं. यातली बरीच अजून धडधाकट आहेत आणि सेकंडहँड बाजारात या हातातून त्या हातात फिरत असतात.

असा जुना सर्व्हर घेणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात रॅम कमी पडते. मग तो माहितीपत्रक उघडतो. एन४०एलच्या पत्रकात लिहिलेलं असतं, कमाल मेमरी ८ जीबी. जेन८च्या पत्रकात लिहिलेलं असतं, कमाल मेमरी १६ जीबी. दोन्ही यंत्रांत रॅमसाठी दोनच खाचा. एन४०एलमध्ये ८ जीबीच्या दोन स्टिक लावल्या तर १६ जीबी मुकाट्याने चालते, आणि लोकांनी ती वर्षानुवर्षं चालवली आहे. जेन८मध्ये मात्र १६ जीबीच्या दोन स्टिक लावून ३२ करायला गेलात तर पदरी काहीच पडत नाही. एक आकडा नुसतं कुंपण आहे, दुसरा खरोखरची भिंत. अडचण एवढीच की पत्रकात दोन्ही एकाच टायपात, एकाच तक्त्यात छापलेले असतात. कुंपण कुठलं आणि भिंत कुठली हे आधीच कसं ओळखायचं, ते सावकाशीने पाहू.

आधी हे आकडे येतात कुठून ते. एन३६एल बाजारात आला तेव्हा साध्या, म्हणजे अनबफर्ड प्रकारच्या डीडीआर३ रॅमची सहज मिळणारी सगळ्यात मोठी स्टिक ४ जीबीची होती. दोन खाचा, चार दुणे आठ. कंपनीने त्या दिवशी मिळणाऱ्या स्टिक लावून यंत्र तपासलं आणि ‘कमाल ८’ असं छापलं. पुढे ८ जीबीच्या स्टिक आल्या. प्रोसेसरमधल्या एएमडीच्या मेमरी कंट्रोलरला त्या पेलत होत्या, पण पत्रकातला आकडा कोणी बदलला नाही. त्यामागे कारस्थान वगैरे असेल असं मला वाटत नाही. ‘सपोर्टेड’ या शब्दाचा कंपनीच्या भाषेतला अर्थ ‘आम्ही तपासलंय आणि बिघडलं तर तुमचा फोन घेऊ’ एवढाच असतो. जुन्या मॉडेलची पुन्हा तपासणी करायला माणसं आणि पैसे लागतात, आणि तेवढ्यात नवं मॉडेल विकायला आलेलं असतं.

जेन८ची गोष्ट वेगळी, आणि ती समजून घ्यायची तर रॅमच्या स्टिकवरची एक काळी चिप जवळून पाहावी लागेल.

डीडीआर३ रॅमच्या ४ गिगाबिटच्या एका चिपमध्ये आठ बँका असतात. बँक म्हणजे एक भला मोठा तक्ता. प्रत्येक तक्त्यात ६५,५३६ ओळी, प्रत्येक ओळीत १,०२४ रकाने आणि प्रत्येक रकान्यात ८ बिट. गुणाकार केला की बरोबर ४ गिगाबिट होतात. ६५,५३६ ओळींतली नेमकी एक सांगायची तर १६ बिटांचा क्रमांक लागतो, १,०२४ रकान्यांतला एक सांगायला १० बिटांचा. कंट्रोलर आधी ओळीचा क्रमांक पाठवतो आणि मग त्याच तारांवरून रकान्याचा. अशा आठ चिपा एकत्र काम करतात तेव्हा ४ जीबीची एक ‘रँक’ तयार होते. साध्या स्टिकवर जास्तीत जास्त दोन रँक, म्हणजे ८ जीबी. ईसीसी रॅम असेल तर दर रँकमागे नववी चिप असते. चुका पकडण्यासाठी लागणारे जादा बिट ती सांभाळते.

आता १६ जीबीची स्टिक करायची असेल तर प्रत्येक चिप ८ गिगाबिटची हवी. अशा चिपमध्ये ओळी तेवढ्याच राहतात, रकाने दुप्पट होतात, २,०४८. म्हणजे रकान्याच्या क्रमांकाला अकरावा बिट लागतो. जेन८मध्ये बसणाऱ्या इंटेलच्या आयव्ही ब्रिज पिढीच्या प्रोसेसरांना ८ गिगाबिटची डीडीआर३ चिप चालवता येत नाही. तशा स्टिक पुढे बाजारात आल्या आणि सर्व्हरसाठीच्या काही अ‍ॅटम प्रोसेसरांबरोबर चालल्यासुद्धा, पण इथे नाही. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात, सिलिकॉनमध्ये कोरलेला आहे. बायोस बदला, ऑपरेटिंग सिस्टिम बदला, त्याला हा अकरावा बिट शिकवता येणार नाही. ही झाली भिंत.

यंत्र चालू करताना हा सगळा हिशेब रोज होतो, आपल्याला दिसत नाही एवढंच. प्रत्येक स्टिकच्या कडेला एक इवलीशी वेगळी चिप असते. डीडीआर३मध्ये तिच्यात २५६ बाइटची माहिती साठवलेली असते आणि तिला एसपीडी म्हणतात. शून्यापासून मोजलं तर चौथ्या बाइटमध्ये चिपची क्षमता आणि बँकांची संख्या, पाचव्यात ओळी आणि रकाने किती बिटांचे, सातव्यात रँक किती आणि चिप किती रुंदीची, अशी ती स्टिकची जन्मपत्रिका. बायोस ही पत्रिका वाचतो, त्यानुसार कंट्रोलरची मांडणी करतो आणि मग तारांवरच्या वेळा जुळवून घेतो. सर्व्हर चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळा राहतो त्याचं एक कारण हे. पत्रिकेत कंट्रोलरला न पेलणारं काही निघालं तर यंत्र बीप देऊन थांबतं, किंवा नुसतंच गप्प बसतं, किंवा अर्धीच रॅम मोजतं. हा शेवटचा प्रकार जुन्या लोकांना आठवत असेल. पेंटियम टूच्या काळातल्या इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटवर आठ चिपांची २५६ एमबीची स्टिक लावली की ती १२८ दाखवायची, आणि सोळा चिपांची तेवढीच स्टिक पूर्ण दिसायची. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात त्यावरून वाद व्हायचे, आणि आपल्या जागी दोघंही बरोबर असायचे.

कुंपण की भिंत हे ओळखायची रीत सोपी आहे. सर्व्हरचं पत्रक बाजूला ठेवायचं आणि मेमरी कंट्रोलर ज्याच्या पोटात आहे त्या प्रोसेसरचं पत्रक काढायचं. जेन८मध्ये चालणाऱ्या झिऑन ई३-१२०० व्ही२ मालिकेसाठी इंटेल ३२ जीबी सांगते. पण ते चार खाचांचं गणित आहे, दोन चॅनेल आणि प्रत्येकावर दोन खाचा. खाचेमागे ८ जीबी. जेन८च्या मदरबोर्डवर खाचा दोनच, म्हणून १६. इथे सर्व्हरचं पत्रक आणि प्रोसेसरचं पत्रक एकच उत्तर देतात, तेव्हा पुढे डोकं लावू नये. याच घराण्यातला २०२० सालचा ‘जेन१० प्लस’ घ्या. कंपनी म्हणते कमाल ३२ जीबी. पण त्यातल्या झिऑन ई-२२२४ साठी इंटेल १२८ जीबी सांगते, तेही चार खाचांसाठी. खाचेमागे ३२ झाले, आणि या यंत्रात खाचा दोन. म्हणजे ६४ चालायला हवी, आणि चालते. कुंपणच निघालं.

प्रोसेसरवाल्यांचं पत्रकही ब्रह्मवाक्य नाही, हेही सांगून ठेवतो. इंटेलच्या नवव्या पिढीचे कोअर प्रोसेसर २०१८ मध्ये आले तेव्हा कमाल मेमरी ६४ जीबी लिहिलेली होती. ३२ जीबीच्या स्टिक हाताशी आल्यावर तोच आकडा १२८ झाला. प्रोसेसरमध्ये काहीही बदललेलं नव्हतं.

लिनक्सवाले ‘डीएमआयडीकोड’ नावाची कमांड चालवतात. ती ‘मॅक्झिमम कपॅसिटी’ म्हणून एक आकडा दाखवते आणि अनेक जण तो प्रमाण मानतात. हा आकडा कोणी मोजलेला नसतो. बायोस लिहिणाऱ्याने एका तक्त्यात भरून ठेवलेला असतो आणि कमांड तो फक्त वाचून दाखवते. पत्रकातली चूक तिथेही उतरलेली असू शकते. खाचा किती आणि आत्ता कुठल्या स्टिक बसवल्या आहेत हे बघायला मात्र ही कमांड उत्तम.

रॅम घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात किंवा ऑनलाइन सेकंडहँड मागवलीत, तरी स्टिकवरचं लेबल वाचता आलं पाहिजे. समजा लेबलवर लिहिलंय ‘२आरx८ पीसी३एल-१२८००ई’. सुरुवातीचं ‘२आरx८’ म्हणजे दोन रँक आणि आठ बिट रुंदीच्या चिपा. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३, त्यापुढचा ‘एल’ म्हणजे दीडऐवजी १.३५ व्होल्टवर चालणारी. १२८०० म्हणजे सेकंदाला १२,८०० मेगाबाइट, अर्थात १६०० गुणिले ८. आणि सगळ्यात मोलाचं ते शेवटचं अक्षर. ‘ई’ असेल तर अनबफर्ड ईसीसी, ‘यू’ असेल तर ईसीसी नसलेली साधी, ‘आर’ असेल तर रजिस्टर्ड. लोक फसतात ते या ‘आर’पाशी. मोठमोठ्या डेटा सेंटरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम ढिगाने येते आणि मातीमोल भावात मिळते. डीडीआर३मध्ये तिची मधली खाच साध्या रॅमच्याच जागी असते, त्यामुळे ती जेन८मध्ये टक्कन बसते. बसते, पण यंत्र चालू होत नाही. ई३ मालिकेच्या कंट्रोलरला रजिस्टर्ड रॅम चालतच नाही. ‘आठ जीबी ईसीसी सर्व्हर रॅम’ एवढंच सांगणाऱ्या विक्रेत्याकडून लेबलचा फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नका.

रॅमची मर्यादा ओलांडता आली म्हणजे फायदाच होतो असंही नाही. १९९७च्या सुमाराचा इंटेलचा ४३०टीएक्स चिपसेट २५६ एमबी रॅम घ्यायचा, पण कॅश मेमरीचा लाभ त्यातल्या पहिल्या ६४ एमबीलाच मिळायचा. त्यापुढे रॅम वाढवली की यंत्र हळू व्हायचं. मोठ्या सर्व्हरमध्ये याचाच भाऊबंद भेटतो. झिऑन ५५०० आणि ५६०० मालिकेच्या दोन प्रोसेसरच्या यंत्रांत, उदाहरणार्थ डेलच्या आर७१०मध्ये, अठरा खाचा असतात, म्हणजे चॅनेलमागे तीन. तिन्ही भरल्या की रॅमचा वेग १३३३ वरून ८०० वर येतो. अठरा लहान स्टिकांपेक्षा बारा मोठ्या स्टिक बऱ्या, त्या यामुळे.

आता प्रोसेसर. एन३६एल, एन४०एल आणि एन५४एल यांत प्रोसेसर मदरबोर्डला डाग देऊन कायमचा बसवलेला आहे, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. जेन८मध्ये मात्र एलजीए११५५ हे चारचौघांसारखं सॉकेट आहे आणि त्यात बहुतेक वेळा सेलेरॉन जी१६१०टी किंवा पेंटियम जी२०२०टी बसवून आलेला असतो. दोन कोअर, ३५ वॅट. फाइल ठेवायला-काढायला ते पुरतात. पण या सेलेरॉनमध्ये एन्क्रिप्शनला वेग देणाऱ्या एईएस सूचना नाहीत, आणि एखादं कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करायला लागणारी व्हीटी-डी सोयही नाही. झिऑनमध्ये दोन्ही आहेत. कंपनीने नंतर काही मॉडेलांत ई३-१२२०एल व्ही२ हा १७ वॅटचा झिऑन दिला, तोही दोनच कोअरचा. चार कोअरचा झिऑन मात्र कुठल्याच मॉडेलात दिला नाही.

तरी तो बसतो. कारण प्रोसेसर चालण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: सॉकेट, फर्मवेअर, आणि वीज-उष्णता. सॉकेट तर डोळ्यांनी दिसतं. व्ही२ मालिकेचा झिऑन एलजीए११५५मध्ये बसतो, पुढच्या पिढीच्या व्ही३ला एलजीए११५० लागतं, तो बसणार नाही. फर्मवेअरची बाजू थोडी बारीक आहे. प्रत्येक प्रोसेसर आपली ओळख एका क्रमांकातून सांगतो: घराणं, मॉडेल, आवृत्ती. बायोसमध्ये त्या ओळखीचा ‘मायक्रोकोड’ असावा लागतो. प्रोसेसरच्या आतल्या चुका दुरुस्त करणारा हा छोटा तुकडा दर वेळी चालू होताना त्याच्यात भरला जातो. ओळख पटली नाही तर काही बायोस पुढे जातच नाहीत. जेन८मध्ये सेलेरॉन आणि झिऑन व्ही२ दोघंही आयव्ही ब्रिज घराण्याचे, त्यामुळे तिथे अडत नाही.

फर्मवेअर हीच एकमेव आडकाठी असली की काय होतं ते ॲपलच्या २००९ सालच्या मॅक प्रोने दाखवलं. यंत्र वर्कस्टेशन असलं तरी हाडं सर्व्हरचीच. २०१०चं मॉडेल जवळपास तोच मदरबोर्ड घेऊन आलं, फक्त त्याच्या फर्मवेअरला सहा कोअरचे झिऑन ५६०० ओळखू येत होते. हौशी मंडळींनी ते फर्मवेअर २००९च्या यंत्रात उतरवलं आणि सहा कोअर चालू झाले. एक खोच तरीही उरली होती. २००९च्या दोन प्रोसेसरच्या मॉडेलात ॲपलने डोक्यावरचं धातूचं झाकण नसलेले प्रोसेसर वापरले होते. बाजारात मिळणारे झाकणवाले त्याहून साधारण दोन मिलिमीटर उंच. हीटसिंक नेहमीसारखा आवळत गेलं की दाब जास्त पडून सॉकेट मोडायचं. त्यामुळे कोणी झाकण काढायचं, कोणी खाली वॉशर घालून आवळायचं. कागदावर न दिसणाऱ्या अशा दोन मिलिमीटरची चौकशी आधी करावी.

जेन८साठी सगळ्यांचा आवडता प्रोसेसर म्हणजे ई३-१२६५एल व्ही२: चार कोअर, आठ थ्रेड, २.५ गिगाहर्ट्झ, गरजेला ३.५ पर्यंत, आणि ४५ वॅट. ई३-१२३० व्ही२ त्याहून वेगवान, ३.३ गिगाहर्ट्झचा, पण ६९ वॅटचा. कोअर आय५, आय७सुद्धा याच सॉकेटमध्ये बसतात आणि सहज मिळतात. पण आयव्ही ब्रिजच्या आय५-आय७मध्ये ईसीसी नाही. गंमत म्हणजे साध्या सेलेरॉनमध्ये आहे. सर्व्हर म्हणून चालवायच्या यंत्रातून ईसीसी घालवून वेग विकत घेणं हा घाट्याचा सौदा.

वापरलेला प्रोसेसर घेताना झाकणावरचा मजकूर वाचा. ‘एसआर’ने सुरू होणारा पाच अक्षरांचा संकेत असेल तर तो रीतसर विक्रीचा माल. ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं छापलेलं असेल तर तो चाचणीसाठी दिलेला नमुना. स्वस्त मिळतो, पण त्याची ओळख बायोसला पटेलच याचा भरवसा नाही.

आता वीज. जेन८चा पॉवर सप्लाय १५० वॅटचा. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, म्हणजे २४ वॅट. चार डिस्क एकदम सुरू झाल्या तर शंभराच्या घरात. सुदैवाने त्या क्षणी प्रोसेसर निवांत असतो. नंतर डिस्क सात-आठ वॅटवर येतात, चारांचे तीसेक. मदरबोर्ड, रॅम आणि पंखा यांचे वीसेक धरा. त्यात ६९ वॅटचा प्रोसेसर मिळवला की १२०, ४५चा मिळवला की ९५. दोन्ही बसतात, पण पहिल्यात दहा वर्षं वापरलेल्या पॉवर सप्लायला श्वास घ्यायला जागा राहत नाही. वर ग्राफिक्स कार्ड घालायचा विचार असेल तर ६९चा प्रोसेसर विसरा.

उष्णतेचा हिशेब आपल्याकडे जास्त जपून करायला हवा. जेन८च्या प्रोसेसरवर पंखा नाही. वर फक्त धातूचा हीटसिंक आणि मागच्या मोठ्या पंख्याने ओढलेली हवा. समजा हा हीटसिंक ३५ वॅटच्या प्रोसेसरला आजूबाजूच्या हवेपेक्षा ३० अंश वर ठेवतो. आकडा उदाहरणादाखल घेतलाय, रीत खरी आहे. मग त्याच प्रमाणात ४५ वॅटला ३९ अंश आणि ६९ वॅटला ५९ अंश चढतील. खोली २५ अंशांची असेल तर ६९ वॅटचा प्रोसेसर ८४ वर स्थिरावेल, ठीक आहे. पण मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे एसी नसलेल्या खोलीत हवा ४२ अंश असेल तर तोच १०१ वर जाईल. साधारण १०५ च्या आसपास हे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतात. म्हणजे जादा वेगासाठी मोजलेले पैसे बरोबर उन्हाळ्यात वाया जायच्या बेतात. ४५ वॅटचा त्याच खोलीत ८१ वर थांबतो.

सर्व्हरच्या पत्रकात आणखी एक मर्यादा लिहिलेली असते आणि ती कोणी वाचत नाही: कामाचं तापमान १० ते ३५ अंश. आपल्याकडचे कित्येक सर्व्हर दर उन्हाळ्यात ही ओलांडतात, त्यांचं झाकणही कोणी उघडलेलं नसताना. प्रोसेसरवर खर्च करण्याआधी सर्व्हर माळ्यावरून किंवा बंद कपाटातून खाली आणा. तो खर्च शून्य आणि फायदा जास्त.

प्रत्यक्ष काम तासाभराचं. आधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस अद्ययावत करून घ्यावा, नव्या प्रोसेसरवर पडदा काळा राहिला तर नंतर करता येणार नाही. २०१४ पासून कंपनीने प्रोलायंटची बरीच फर्मवेअर वॉरंटी किंवा करार असलेल्यांपुरती ठेवली आहेत, तेव्हा सेकंडहँड घेतानाच विकणाऱ्याला आवृत्ती विचारून घ्या. मग डेटाचा बॅकअप. मग यंत्र बंद करून वायर काढायची आणि चालू करायचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची. मदरबोर्डला आलेल्या केबली काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. त्या काढल्या की ट्रे सरकवून बाहेर येतो.

हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून सैल करायचे. जुनी पेस्ट वाळून हीटसिंक आणि प्रोसेसर एकमेकांना चिकटलेले असतात. ओढू नका. यंत्र काही मिनिटं चालवून गरम करून मग उघडलं तर ती सैल पडते, आणि हीटसिंक वर ओढण्यापेक्षा हलकेच डावी-उजवीकडे पिळला की सुटतो. खाली दिसतं ते सॉकेट. ११५५ बारीक, वाकड्या सोनेरी पिना, प्रत्येक केसासारखी. या कामात कायमचं नुकसान होण्याची जागा एकच, ती ही. बोट, कापड, स्क्रू, काहीही त्यावर टेकता कामा नये. नवा प्रोसेसर कडांनी धरायचा, त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा, दोन बाजूंच्या खाचा बघायच्या आणि अलगद ठेवायचा. जोर लावावा लागला तर तो उलटा आहे. खटका बंद करताना मात्र थोडा करकर आवाज येतो, तो चालतो. हीटसिंकचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट लावा आणि स्क्रू पुन्हा समोरासमोरचे आवळत जा.

पहिल्यांदा चालू करताना डिस्क लावू नका. नुसता प्रोसेसर आणि रॅम. बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव आणि पूर्ण रॅम दिसली की मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून चालवून रात्रभर सोडा. एक चूक दिसली तरी ती स्टिक परत करायची, ‘एकच तर आहे’ म्हणायचं नाही. रॅममधली चूक डिस्कवर लिहिली जाते आणि मग बॅकअपमध्येही जाते. ईसीसी असेल तर एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त होते आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद राहते, महिन्यातून एकदा तो लॉग बघा. त्यानंतर सगळे कोअर पूर्ण ताकदीने तासभर पळवा आणि तापमान कुठे थांबतं ते लिहून ठेवा. हे काम जानेवारीत केलं असेल तर मे महिन्यात पुन्हा.

सगळं दिसूनही ऑपरेटिंग सिस्टिम रॅम वापरत नसेल तर ती तिसऱ्याच जातीची मर्यादा, परवान्याची. विंडोज होम सर्व्हर २०११ आणि विंडोज सर्व्हर २००८ आर२ फाउंडेशन ८ जीबीवर थांबतात, त्याच पिढीची स्टँडर्ड आवृत्ती ३२ वर. व्हीएमवेअरच्या फुकट मिळणाऱ्या ईएसएक्सआयला ५.१ आवृत्तीत ३२ जीबीचं बंधन होतं, ५.५ मध्ये ते काढलं. हे कुंपणही नाही आणि भिंतही नाही, दरवाज्यावरचा रखवालदार. लिनक्समध्ये या आकड्यांपाशी असं काही आडवं येत नाही.

माझं मत विचाराल तर असं. एन४०एल किंवा एन५४एल हाताशी असेल तर १६ जीबी टाका आणि थांबा. जेन८ असेल तर १६ जीबी ईसीसी आणि ४५ वॅटचा ई३-१२६५एल व्ही२, त्यापुढे एक रुपयाही नाही. १६ हून जास्त रॅम लागणारच असेल तर जेन८ विकून टाका आणि खाचा जास्त असलेलं यंत्र घ्या. आणि ज्या सर्व्हरवर दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब किंवा रुग्णांचे कागद आहेत, तिथे यातलं काहीही करू नका. तिथे पत्रकातला आकडाच शेवटचा, कारण बिघडल्यावर फोन कोणीतरी घ्यावा लागतो.